साठीच्या पुढचा रकाना

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी बहात्तरचे सत्तावीस केले आणि खालच्या ओळीकडे वळणार, तेवढ्यात त्याच ओळीतला शेजारचा शब्द वाचला. टुकटुकबाई. हिरव्या पेन्सिलीचं टोक कागदावर तसंच टेकून राहिलं. हा शब्द जगात फक्त तीन माणसांना ठाऊक. त्यातली एक माझी आई, ती नऊ वर्षांपूर्वी गेली. उरलो अप्पा आणि मी. आणि टुकटुकबाई म्हणजे मीच. तान्ही असताना रडायचं सोडून येणाऱ्याजाणाऱ्याकडे टुकूटुकू बघत बसायची, म्हणून अप्पांनी ठेवलेलं नाव. शाळेत जायला लागल्यावर मैत्रिणींसमोर ते एकदा तशी हाक मारता मारता राहिले, तेव्हा मी जेवण सोडलं होतं आणि नाव बंद करवलं होतं. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी ते माझ्यासमोर आलं, ते सरकारी कागदावर, 'खूणशब्द' या रकान्यात, परक्या बाईच्या टपोऱ्या अक्षरात. पंखा फिरत होता, पलीकडच्या टेबलावरचा टंकलेखक डब्यातले शेंगदाणे निवडत होता.

मी आरोग्य खात्याच्या विभागीय कचेरीत आकडे जुळवते. कसले, असं नातेवाइकांत कोणी विचारलं तर 'साथींचे' म्हणते आणि विषय हवापाण्यावर नेते. खरं म्हणजे गुप्तरोगांचे. शहराचे चार विभाग, टेकडी, गोदी, बाजार आणि उत्तर. प्रत्येकात एक केंद्र. दर महिन्याला प्रत्येक केंद्राकडून कागद येतात आणि दर तिमाहीला मी त्यांचा एक तक्ता आणि एक नकाशा करते. दर हजारी प्रमाण जास्त तिथे गडद रंग, कमी तिथे फिका. कागदांवर नावं नसतात. इथे खरं नाव कोणी सांगत नाही आणि खोटं नाव सांगणारा पुढच्या खेपेला ते विसरतो, म्हणून कुणा शहाण्याने ही खूणशब्दाची पद्धत काढली. आलेल्या माणसाने आपल्या मनचा एक शब्द द्यायचा, पुढच्या वेळी तोच सांगायचा. लोक काय काय देतात! कुत्र्यांची नावं, भाज्या, गाड्यांचे नंबर. एकाने नुसतं 'सासरा' असं दिलं होतं. एरवी हे शब्द माझ्यापर्यंत येत नाहीत, नुसते आकडे येतात. पण ज्यांनी उपचार अर्धवट सोडले त्यांची वेगळी यादी येते आणि तिच्यात खूणशब्द असतो. ती यादी मी दुपारच्या चहाबरोबर वाचायला ठेवते, करमणूक म्हणून. त्या दिवशी सकाळीच काढली, एवढंच.

बहात्तरचे सत्तावीस का केले, तेही सांगायला हवं. मी कामाला लागले तेव्हा माझ्या जागेवर असलेल्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन शिकवलं होतं, "हे बघ, आपल्या तक्त्यात साठीच्या पुढचं वय आलं की समजायचं, सिस्टरांनी घाईत आकडे उलटे लिहिलेत. सरळ करून टाकायचे. विचारत बसायचं नाही, फोन लागत नाहीत." मला ते इतकं पटलं की पंधरा वर्षांत परत त्याचा विचार केला नाही. बासष्टचे सव्वीस, त्रेसष्टचे छत्तीस, त्र्याहत्तरचे सदतीस. पासष्टचे छप्पन्न करताना हात जरा अडखळे, पण छप्पन्न म्हणजे निदान साठीच्या आत. सहासष्ट उलटं केलं तरी सहासष्टच राहतं, आणि सत्तर उलटं केलं तर सात वर्षांचं पोर होतं, म्हणून अशांना मी 'वय अज्ञात'मध्ये टाकत असे. साठीच्या पुढचा रकाना छापील तक्त्यात होता, आणि दर तिमाहीला मी त्याच्यात व्यवस्थित शून्य भरत होते. साठी बुद्धी नाठी म्हणतात. बुद्धी नाठी होण्याला साठीची वाट पाहावी लागत नाही. माझी छत्तिसाव्या वर्षीच झाली होती.

आणि वर शाबासकी! तीन वर्षांपूर्वी टेकडी विभागाचा फिका रंग गडद व्हायला लागला, तो पहिल्यांदा माझ्या ध्यानात आला. विशी-तिशीतल्या पुरुषांत सिफिलिसचं प्रमाण दर तिमाहीला थोडं थोडं चढत होतं. मी आलेख काढला, साहेबांना दाखवला. साहेबांनी तो त्यांच्या साहेबांना दाखवला. टेकडीच्या पायथ्याशी नवं कॉलेज झालंय, मुलं बाहेरगावची, खोल्या घेऊन राहतात, असा सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढला. मग चारही केंद्रांत संध्याकाळचे 'युवा कक्ष' निघाले, त्यांच्या भिंतींना भडक रंग दिले, माझ्याकडून तपासून परत गेलेल्या कागदांवरून तिशीच्या आतल्या रुग्णांना 'मित्रा' अशा हाकेने सुरू होणारे संदेश फोनवर जायला लागले. बैठकीत साहेब म्हणाले होते, "बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही." मी स्वतः टेकडी विभागात राहते. रोज सकाळी बसथांब्यापर्यंत उतरताना ज्या बागेतून जाते तिथल्या बाकांवर सगळे पेन्शनवाले बसलेले असतात. आमच्याकडे भाडी एवढी की तरुण माणूस राहायला येतोच कशाला! त्या बाकांवर सत्तावीस वर्षांचा एक मनुष्य मी कधी पाहिला नाही आणि माझ्या तक्त्यात तसे एकवीस होते. डोळ्यांसमोरचं दिसत नव्हतं, कारण ते कागदावर आधीच सरळ करून ठेवलं होतं.

मी ओळ पुन्हा वाचली. केंद्र: गोदी. राहण्याचा विभाग: टेकडी. सिफिलिस, जुना, लक्षणं नाहीत. पहिली सुई दिली. दुसरी सुई: आले नाहीत. स्मरणसंदेश: गेला. जोडीदाराला कळवलं: नाही. दोन बस बदलून अप्पा गोदीच्या केंद्रात गेले होते, टेकडीच्या केंद्रात कोणी ओळखेल म्हणून. आणि सगळ्या केंद्रांचे कागद शेवटी त्यांच्या मुलीच्याच टेबलावर येतात हे त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. लपायला गेले आणि थेट माझ्या मांडीवर येऊन बसले. मी उठून नळावर गेले, तोंडावर पाणी मारलं. अप्पा पाणीखात्यात होते. लांब लोखंडी किल्ली खांद्यावर टाकून ते पहाटे रस्त्यांमधली झाकणं उघडत आणि एकेका वस्तीचं पाणी सोडत. लहानपणी मला सायकलच्या दांड्यावर बसवून ते शहर दाखवायचे, तेही पाण्याच्या हिशेबाने: हा भाग उताराचा, इथे दाब जास्त, ही वरची गल्ली, इथे शेवटच्या घरापर्यंत पाणी जायला पाऊण तास लागतो, म्हणून इथली झडप मी दहा मिनिटं उशिरा बंद करतो, वरच्यांना सांगत नाही. शेवटच्या घरात कोणी म्हातारी राहत होती. तिला अप्पा कधी भेटले नव्हते, पण ती दहा मिनिटं त्यांनी निवृत्त होईपर्यंत दिली. मीही मोठेपणी शहराचा नकाशाच करत बसले. पण शेवटच्या घराला मी शून्य लिहिलं.

आणि जोडीदार. तो रकाना वाचताना मला कोण हे शोधावं लागलं नाही, याचंच मला नवल वाटलं. म्हणजे मला ठाऊक होतं. बागेच्या कोपऱ्यावर शिवणवाल्या बाईंचं दुकान आहे. दुकान कसलं, एक खिडकी, एक मशीन, वर टांगलेले लोकांचे कोट. विधवा, अप्पांहून तीन-चार वर्षांनी लहान, तोंडात सतत टाचणी. दोन वर्षांपूर्वी अप्पांची एक पँट त्यांच्याकडे आखूड करायला दिली. मग दुसरी. मग पहिली पुन्हा. एका रविवारी वाळत घातलेल्या पँटी गोळा करताना मी म्हणाले होते, "अप्पा, तुमची उंची वाढतेय की काय? पँट दर महिन्याला कशी आखूड करावी लागते?" अप्पा म्हणाले, "कापड आटतं गं." मी हसले, घड्या घातल्या, आणि तो प्रश्न तिथेच मिटवून कपाटात ठेवला. गुरुवारी दुपारी ते 'वाचनालयात' जात आणि संध्याकाळी मी घरी आले की त्यांच्या बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असत. ते मी चिमटीने काढून टाकत असे आणि तेव्हाही माझ्या मनात काही येत नसे. येऊ देत नसे म्हणणं खरं.

तासभर मला राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हातारचळ हा शब्द डोक्यात आला आणि जाईना. आईच्या शेवटच्या चार वर्षांत अप्पांनी तिचं सगळं केलं, न्हाऊमाखू घालण्यापासून. तिच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी उठून कूस बदलली. ते हात आता दुसऱ्या कुणाच्या पाठीवर, हा विचार मला करायचा नव्हता आणि तोच येत होता. मग त्याच्या मागून दुसरा आला, तो जास्त बोचरा. मी एक्कावन्न वर्षांची आहे. माझ्याकडे कोणी कधी पँट आखूड करायला आणली नाही. एकदा, फार वर्षांपूर्वी, हिशेबखात्यातला एक जण रोज माझ्या टेबलावरून टाचणीचा डबा मागून न्यायचा आणि संध्याकाळी परत आणून द्यायचा. त्याच्याकडे स्वतःचा डबा होता हे मला त्याची बदली झाल्यावर कळलं. मी लोकांच्या शरीराचे आकडे मांडते आणि स्वतः त्या तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, याचा मला कुठेतरी अभिमान होता. त्या दिवशी तो अभिमान फार पोरका वाटला. माझा बहात्तर वर्षांचा बाप गुरुवारी दुपारी कोणाची तरी वाट बघत होता, दाढी करत होता, आणि आपलं गुपित ठेवायला त्याला जगातले सगळे शब्द मोकळे असताना त्याने माझं नाव निवडलं होतं. राग विरघळायला लागला तो तिथे. टंकलेखकाने विचारलं, "बाई, डोळ्यात काय गेलं?" मी म्हणाले, "पंख्याची धूळ."

पण पुढे काय करायचं? जुन्या सिफिलिसला तीन सुया लागतात, आठवड्याला एक. मध्ये खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. नाही घेतल्या तर तो गुपचूप बसतो आणि कधीतरी, दहा वर्षांनी म्हणा किंवा उद्या, हृदयावर नाहीतर मेंदूवर येतो, कधी डोळ्यांवर. अप्पांच्या डोळ्यांत आधीच मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांपूर्वी ठरली होती, रक्त तपासून झालं होतं, आणि मग ते एकदम 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायला लागले. मी त्यांना आळशी म्हणाले होते, भित्रे म्हणाले होते. आता कळलं, ते रक्त काय सांगून गेलं होतं. आणि तिकडे शिवणवाल्या बाईंना कशाचाच पत्ता नाही. घरी जाऊन सरळ विचारावं, तर आमच्या खात्याचा पहिला नियम आडवा येतो: कागदावरचा माणूस ओळखू आला तरी ओळखायचा नाही. तो मोडला तर नोकरी जाईल, त्याची मला फारशी भीती नव्हती. अप्पा पुन्हा कधी कुठल्या केंद्राची पायरी चढणार नाहीत, ही होती. दुपारभर मी मागचं कपाट उघडून बसले आणि माझ्या हिरव्या पेन्सिलीच्या खुणा मोजल्या. तीन वर्षांत टेकडी विभागाच्या एकोणसाठ तरुणांपैकी शेहेचाळीस माझ्या हातून तरुण झाले होते. मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तीन वर्षांचा कल..." "म्हाताऱ्यांचा आहे, साहेब." "अहो पण अहवाल छापून झालाय." "मग दुसरा छापा," मी म्हणाले. इतकं उद्धट मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. साहेबांनी नकाशात टेकडी विभागावर बोट ठेवलं आणि ते म्हणाले, "माझे वडील पण टेकडीवरच राहतात हो." मग त्यांनी मला लवकर घरी जायला सांगितलं.

अप्पा खिडकीशी बसून बटाटे सोलत होते. हल्ली त्यांच्या सोललेल्या बटाट्यांवर सालीची बेटं राहतात, मी मागाहून गुपचूप काढते. बाहेर अजून ऊन होतं. मी पर्स ठेवली, त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि दुसरी सुरी घेतली. वाटभर मी वाक्यं जुळवत आले होते, त्यातलं एकही आठवेना.

"अप्पा, आज माझी कचेरीत एक मोठी चूक सापडली."

"कोणाला?"

"मलाच."

"मग ठीक आहे. दुसऱ्याला सापडली असती तर बोंब."

मी त्यांना मोठ्या बाईंचा नियम सांगितला, हिरवी पेन्सिल सांगितली, सहासष्टची गंमत सांगितली. ते हसले. मग मी म्हणाले, "बहात्तरचेही सत्तावीस केले मी," आणि त्यांचा हात थांबला.

"कसला तक्ता आहे हा?"

"गुप्तरोगांचा." हा शब्द मी त्यांच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला.

"पंधरा वर्षं हेच करतेस? मला वाटायचं, हिवतापाचं."

"मी तसंच भासवत होते."

"हं." बटाटा त्यांनी हातातल्या हातात फिरवला. "सगळ्या केंद्रांचे कागद तुझ्याकडे येतात? गोदीकडचेही?"

"येतात. नावं नसतात, अप्पा," मी घाईघाईने म्हणाले. "नुसती वयं."

हे पुरतं खरं नव्हतं आणि पुरतं खोटंही नव्हतं. अप्पांनी साल काढायला घेतली, जिथे आधीच काढली होती तिथेच. मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आमच्या बाकावर एक जण येतो. तो सांगत होता. त्याला फोनवर संदेश आला, मित्रा म्हणून. त्याला बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी कोणी मित्रा म्हणालं. त्यातल्या पत्त्यावर, दिलेल्या वेळेला गेला, तर भिंती नारिंगी, गाणी लागलेली, सगळी पोरं. टेबलावरच्या मुलीने प्रेमाने विचारलं, आजोबा, नातवाची वाट बघताय का? तर हा म्हणाला, हो."

"मग?"

"मग काय, बसला. वाट बघत. अर्धा तास बसला. मुलीने पाणी दिलं. नातू काही आला नाही, म्हणून उठून घरी आला." अप्पा जरासं हसले. "नातू नाहीच आहे त्याला."

मी उठले, ओट्याशी गेले आणि न पेटवलेल्या शेगडीचं बटण उगाचच फिरवून बंद केलं. ती गाणी, ती नारिंगी भिंत, हातात पाण्याचा पेला घेऊन नसलेल्या नातवाची वाट बघणारे माझे अप्पा; आणि गेल्या महिन्याच्या कागदावरही त्यांचं वय उलटं करून त्यांना तिथे बसवणारी हिरवी पेन्सिल माझ्या पर्समध्ये. चूक कागदावर होते असं मला इतकी वर्षं वाटत होतं. मी पाठमोरीच बोलले. "त्यांना सांगा, अप्पा, त्यांचं काही चुकलं नाही. कचेरीची चूक होती. त्यांनी सकाळी जायचं, नऊ ते बारा, पहिला मजला. तिथे सिस्टर आहेत, त्या हसणार नाहीत. तीन सुया पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतील. पण मग झालं. मग डोळ्यांचं ऑपरेशनही करून घेता येईल."

मागे एक बटाटा पातेल्यातल्या पाण्यात पडला.

"त्याला मोतीबिंदू आहे, हे मी कधी म्हटलं?" अप्पांनी विचारलं.

मी शेगडीचं बटण पुन्हा फिरवलं. "त्या वयात सगळ्यांनाच असतो," मी म्हणाले.

"हो. असतो खरा." त्यांनी सुरी ताटलीत ठेवली. "त्याला सुईची भीती नाही गं वाटत. एक बाई आहेत, त्यांना सांगायची वाटते. त्या म्हणतील, या वयात हे काय घेऊन आलात माझ्या दारात. कोणाकडून कोणाकडे आलं, कधीचं आहे, कुणास ठाऊक. चाळीस वर्षांपूर्वीचंही असू शकतं म्हणतात. पण तोंड तर आज दाखवायचं. आणि घरी एक मुलगी आहे त्याला. कडक आहे जराशी. तिला काय वाटेल?"

"आधी राग येईल," मी म्हणाले. "तासभर. मग तिला आईची आठवण येईल. मग स्वतःचीच कीव येईल थोडीशी." मी वळले. अप्पा माझ्याकडे बघत होते, म्हणजे मी जिथे अंधुक दिसत असेन तिकडे. "आणि मग तिला वाटेल, की बरं झालं. की ही दोन वर्षं, मी कचेरीत असताना, अप्पा, तुम्ही एकटे नव्हता. मला फार बरं वाटलं, अप्पा. खरंच."

'त्याला' आणि 'तिला' कधी गळून पडलं, ते आम्हा दोघांनाही कळलं. अप्पांनी खिशातून रुमाल काढला, डोळ्यांना लावला, आणि म्हणाले, "मोतीबिंदूचं पाणी." मग आम्ही उरलेले बटाटे सोलले. एकाही बटाट्यावरची साल मी पुन्हा काढली नाही.

बुधवारी संध्याकाळी अप्पांनी वाचनालयाचं नाव काढलं नाही, गुरुवारचीही वाट बघितली नाही. 'शिवणवाल्या बाईंकडे जाऊन येतो' असं सांगून गेले, निळा शर्ट घालून. दोन तासांनी आले. जेवताना त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली. गुरुवारी मी रजा टाकली. सकाळी आठला दार वाजलं तर शिवणवाल्या बाई स्वतःच उभ्या, हातात पिशवी, तोंडात टाचणी नसल्यामुळे मला क्षणभर ओळखू आल्या नाहीत. "तुम्हीही चला," त्या मला म्हणाल्या. "हे एकटे घाबरतात. काल असं तोंड करून आले की मला वाटलं, कर्करोगच सांगताहेत. तीन सुया म्हणाले, तर मी म्हटलं, एवढंच? अहो, मी चाळीस वर्षं स्वतःला सुया टोचून घेत आले, तुम्ही तीनचं काय सांगता!" आणि मग हळू आवाजात, अप्पा आत बूट घालत होते तेव्हा, "रडले हो रात्रभर मी. यांच्यासमोर नाही. तुम्हाला फार राग आलाय का?" मी नाही म्हणून मान हलवली. आम्ही दोन बस बदलल्या. बसमध्ये त्या दोघांमध्ये पिशवी होती आणि पिशवीखाली दोघांचे हात होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

गोदीच्या केंद्राचे कागद मी पंधरा वर्षं हाताळले, पण केंद्र पाहिलं नव्हतं. पहिला मजला, धुतलेली फरशी, भिंतीला लागून ओळीने खुर्च्या. खुर्च्यांमध्ये लोकांनी आपणहून एकेक जागा सोडलेली. कोणी कोणाचं नव्हतं. जोडीने आलेलेही वेगवेगळे आल्यासारखे बसले होते, एक जण भिंतीकडे तोंड करून. सिस्टर पन्नाशीच्या, टपोऱ्या अक्षराच्या. मी पुढे होऊन मी कोण ते सांगितलं, वयांचं सांगितलं, माफी मागितली. "मी प्रत्येकाला वय दोनदा विचारून लिहिते हो," त्या म्हणाल्या. रागावून नाही, त्यामुळे जास्त लागलं. मग त्यांनी अप्पांना आत नेलं. पडद्यामागून अप्पांचा "आईगं" ऐकू आला आणि शिवणवाल्या बाईंनी "शू" केलं. परत येऊन सिस्टरांनी अप्पांचा नवा कागद पुढे ओढला आणि लिहिता लिहिता विचारलं, "सोबत कोणी आलंय? नातं?" खोलीतले सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले.

"मी आलेय. मुलगी," मी म्हणाले, जरा मोठ्यानेच.

सिस्टरांनी मान वर केली. "इथे असं कोणी सांगत नाही," त्या म्हणाल्या, आणि लिहिलं. मग त्यांनी शिवणवाल्या बाईंचं रक्त घेतलं, कापूस दाबून धरायला सांगितला आणि दुसरा कोरा कागद घेतला. वय अडुसष्ट. खूणशब्द बाईंनी त्यांच्या कानात सांगितला. "आणि तुमच्या सोबत कोण?"

"कोणी नाही," शिवणवाल्या बाई पटकन म्हणाल्या. "या यांच्या आहेत, मी आपली नुसती..." अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मी टेबलाशी गेले आणि तो रकाना बोटाने दाखवला.

"इथेही तेच लिहा, सिस्टर. मुलगी."

सिस्टर लिहायला लागल्या. कापूस धरलेला हात तसाच ठेवून शिवणवाल्या बाईंनी दुसऱ्या हाताने माझी बाही दोन बोटांत धरली, उलटी करून आतून बघितली.

"शिवण उसवलीय तुझी," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर दे माझ्याकडे."